निबंधाच्या तासाला उलगडलेला गाव

जपानच्या ईशान्येस यामागाता नावाचा प्रांत आहे. हिवाळ्यात बर्फाचा मुलूख. तेथील यामामोतो या डोंगरी खेड्यात १९४८ साली मुचाकु सेइक्यो हे एकवीस वर्षांचे शिक्षक रुजू झाले. पाठ्यपुस्तकात लिहिले होते की, गावाने मुलांसाठी शाळेची उत्तम सोय केलेली असते. आणि वर्ग पाहावा, तर गवती छप्पर, भिंतीवर एक नकाशा नाही, फाटक्या कागदी दारातून आत येणारे बर्फ! पुस्तक खरे मानायचे की वर्ग? मास्तरांनी वर्ग खरा मानला, आणि मुलांना सांगितले, जे दिसते ते लिहा.

ही कल्पना त्यांची एकट्याची नव्हे. १९०४ पासून जपानात प्राथमिक शाळांची पुस्तके सरकारी झाली होती. निबंधाला मात्र पुस्तकच नव्हते. तेवढी एक फट शिक्षकांना पुरली. १९२९ नंतर आकिता प्रांतातले शिक्षक मुलांचे लेखन हाताने छापून एकमेकांना पाठवू लागले. कोणता प्रश्न विचारला तेव्हा मूल खरे लिहू लागले, कोठे ते मास्तरांना आवडेल असे लिहून मोकळे झाले, याची चिकित्सा पत्रांतून चाले. संशोधन म्हणतात ते हेच की! पण १९४० पासून यांतल्या पुष्कळांना सरकारने अटक केली. मुलांनी आपले दारिद्र्य जसेच्या तसे लिहावे, हेही राजद्रोहासारखे ठरले.

युद्धानंतर मुचाकुंनी तोच धागा उचलला. वर्गातल्या एका पोरक्या मुलाने आईच्या मृत्यूवर लिहिले. आई एवढी राबली, तरी पैसा का उरला नाही? त्याने घरच्या तंबाखूच्या पिकाचा आणि खर्चाचा हिशेबच मांडला. तो वाचून मास्तरांना कळले, हा मुलगा शाळेत का येत नाही ते. मग वर्गसोबत्यांनी त्याची कामे वाटून घेतली. १९५० साली त्या निबंधाला शिक्षणमंत्र्यांचे पारितोषिक मिळाले, आणि १९५१ साली ४३ मुलांचे लेखन 'यामाबिको गाक्को', म्हणजे 'प्रतिध्वनीची शाळा', या नावाने पुस्तकरूपाने निघाले. पुढल्याच वर्षी त्यावर चित्रपटही निघाला.

गावातील काही मंडळी मात्र रागावली. आमची गरिबी चव्हाट्यावर मांडली, म्हणाली. मला विचाराल तर त्यांचेही अगदीच चुकले असे नाही. घरचा हिशेब जगाने वाचावा का, हे घरच्यांना कोणी विचारले होते? १९५४ साली मुचाकु गाव सोडून तोक्योला गेले.