शेताची सोडवणूक

शेत विकलें म्हणजे नेमकें काय विकलें, हा प्रश्न प्राचीन इस्राएलच्या स्मृतिकारांनीं मोठ्या धिटाईनें विचारला. बायबलांतील लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत त्याचें उत्तर आहे. भूमि ईश्वराची; मनुष्य तिजवरचा उपरा. म्हणून तिची कायमची विक्री नाहीं. विकावयाचीं तीं कांहीं वर्षांचीं पिकें. दर ५० व्या वर्षीं, म्हणजे योबेल वर्षीं, शेत मूळ घराण्याकडे परत जावें. तें वर्ष जितकें जवळ, तितकी किंमत कमी. तटबंदीच्या नगरांतील घर मात्र वर्षाच्या आंत सोडविलें नाहीं, तर कायमचें खरेदीदाराचें होई. कायद्याची नजर घरापेक्षां भाकरीवर होती!

मराठी बायबलांत या कुळपरंपरेच्या जमिनीस 'वतन' म्हटलें आहे. वतनाचा जिव्हाळा आपणांस निराळा सांगावयास नको.

योबेल वर्षाची वाट पाहणेंही आवश्यक नसे. नाडलेल्या माणसाचें शेत जवळच्या आप्तानें द्रव्य भरून सोडवावें, असा धर्म होता. अशा आप्तास हिब्रू भाषेंत 'गोएल' म्हणत. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेमास बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला असतां यिर्मया संदेष्ट्यानें आपल्या चुलतभावाचें अनाथोथ येथील शेत १७ शेकेल रुपें तोलून घेतलें, तें याच नात्यानें. राज्य बुडत असतां त्यानें खरेदीखत मातीच्या भांड्यांत जपून ठेवविलें.

परंतु नियम होता म्हणून न्याय झाला, असें नव्हे. योबेल वर्ष पाळल्याचा स्पष्ट उल्लेख बायबलच्या इतिहासग्रंथांत सांपडत नाहीं. नाबोथानें वाडवडिलांचा द्राक्षमळा अहाब राजास नाकारला, तेव्हां खोट्या साक्षींनीं त्याचा जीव घेण्यांत आला. पुढें इ. स. पू. पांचव्या शतकांत धान्यासाठीं व इराणी राजाच्या करासाठीं लोकांनीं शेतें गहाण टाकलीं. पोटचीं मुलें दास्यांत दिलीं. सावकार परके नव्हते, भाऊबंदच होते. नहेम्या सुभेदारानें त्यांस भरसभेंत जाब विचारला आणि शेतें, मळे व व्याज परत करण्याची शपथ घ्यावयास लाविली.

यशया ग्रंथांत ईश्वरासच 'गोएल' म्हटलें आहे. उद्धार हा शब्द आज आपणांस केवळ परलोकाचा वाटतो. परंतु त्या हिब्रू शब्दाच्या मुळाशीं एक गहाण पडलेलें शेत आहे, आणि तें सोडविण्यास आलेला एक भाऊबंद आहे.