चिरेच्या टोकाला भोक

जास्त माल भरला म्हणून ट्रकची चॅसी तुटते, असं आपण सहज म्हणतो. पण माल बेताचाच असला तरी लाखो हिसके खाल्लेलं पोलाद एक दिवस चीर देतं. माणसाला हे आगगाडीने शिकवलं. ८ मे १८४२ ला व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, आग लागली, पन्नासवर माणसं गेली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलरने आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि दाखवलं, की एकदाच्या भारापेक्षा पुन्हापुन्हा येणारा भार घातक. आपल्या बदलापूरवरून खोपोलीपर्यंत रेल्वे आली ती १८५६ साली, साधारण त्याच काळात.

त्याच लाइनीवरची चामटोली. (हो तीच, २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती ती!) तिथल्या एका गॅरेजात काकांचा ट्रक उभा होता. कमानपाट्याच्या ब्रॅकेटपाशी, बोल्टच्या भोकातून निघालेली चीर. आधी दुसरीकडे कुणीतरी तिच्यावर नुसता रॉड फिरवून दिला होता. दोन महिन्यांत शेजारीच पुन्हा तडा. ड्रायव्हर घाटात भरलेली गाडी घेऊन असता तर... असो.

इथल्या मिस्त्रीने बॅटरीच्या वायरी काढल्या, जॅक लावून भार उतरवला आणि चिरेच्या टोकाला चक्क ड्रिलने भोक पाडलं! तडकलेल्यात आणखी भोक? पण चिरेच्या अणकुचीदार टोकाशी ताण एकवटतो. गोल भोकाभोवती तो पसरतो. मग ग्राइंडरने चीर खोल उघडून पार तळापासून वेल्डिंग भरलं, घासून सपाट केलं. (ओलसर रॉड अजिबात चालत नाही, आमच्या पावसात हे सांभाळणं म्हणजे दिव्यच.) वरून जाड पट्टी, दोन्ही टोकं तिरकी कापलेली. सरळ कापली तर मजबुती एकदम संपते आणि नवी चीर नेमकी तिथेच जन्माला येते.

मोठ्या ट्रकच्या चॅसीचे जोड बहुधा रिव्हेटचे किंवा बोल्टचे असतात, त्याचंही मला आता नवल वाटत नाही. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला उभं असलेलं 'शेनेक्टडी' हे कोरं तेलवाहू जहाज जागच्या जागी दुभंगलं. पोलाद थंडीत ठिसूळ होणारं, आणि सगळं वेल्डिंगने अखंड जोडलेलं. निघालेल्या चिरेला वाटेत अडवायला काही नव्हतंच. त्यानंतर अशा जहाजांवर मुद्दाम रिव्हेटच्या पट्ट्या बसवू लागले, चीर तिथवर आली की थांबावी म्हणून.