बदललेल्या इंजिनाचा इतिहास

माझ्या जीपच्या आरसी बुकात ‘इंधन’ या रकान्यात आधी ‘पेट्रोल’ असं लिहिलेलं आहे. त्यावर आडवी रेघ, शेजारी ‘डिझेल’, खाली गोल शिक्का. पुढच्या पानावर इंजिनाचा नवा क्रमांक. चासीचा क्रमांक मात्र 1968 पासून तोच. जुन्या दप्तरांत रमणाऱ्या माणसाला अशी खाडाखोड दिसली की त्याचा हात थांबतो. माझा सव्वीस वर्षं थांबलेला आहे.

गेल्या वर्षी जुन्या गाड्यांचे एक जाणकार मुंबईहून गाडी पाहायला आले. बॉनेट उघडलं, आणि चेहरा उतरला. “डिझेल काढा, मूळचं पेट्रोल इंजिन शोधून बसवा, मग हिला खरी किंमत येईल.” सल्ला चांगल्या मनाने दिला होता. पण ‘मूळचं’ या शब्दावर मी अडखळलो. जीप नावाच्या या गाडीत मूळचं म्हणजे कुठलं, हे पाहण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

1940 च्या जुलैत अमेरिकी सैन्याने 135 कंपन्यांना हलक्या टेहळणी गाडीसाठी विचारणा केली. नमुना 49 दिवसांत हवा होता. मुदत पाळली ती पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा आखला आणि 23 सप्टेंबरला गाडी होलाबर्डच्या छावणीत पोहोचली. सैन्याने बँटमचे आराखडे विलीज आणि फोर्ड यांनाही दाखवले. मोठं काम मिळालं ते विलीजला, कारण तिचं 60 अश्वशक्तीचं इंजिन सर्वांत दमदार होतं. फोर्डने पट्ट्या जोडून केलेल्या जाळीऐवजी एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली, उभ्या फटींची स्वस्त जाळी आणली, ती विलीजनेही उचलली. आज आपण ज्याला ‘जीपचा चेहरा’ म्हणतो तो असा फोर्डचा. हृदय विलीजचं, सांगाडा बँटमचा. युद्ध संपेपर्यंत या गाड्या सहा लाखांहून अधिक निघाल्या, आणि बँटमच्या वाट्याला त्यांतल्या जेमतेम काही हजार आल्या. जन्मापासूनच ही गाडी तीन घरची आहे. (नावाचा वाद मी इथे उकरत नाही. ‘जीपी’ या अक्षरांवरून ते आलं की पॉपाय चित्रमालिकेतल्या ‘जीप’ नावाच्या प्राण्यावरून, यावर भांडणारे अजून भांडतात.)

आपल्याकडचा धागा माझगावला सापडतो. 1945 साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इथल्या पाटीवरचं नाव 1948 मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. 1949 मध्ये माझगावला सुट्या भागांतून विलीज जीप जुळवायला सुरुवात झाली. सुरुवातीला सगळं जहाजातून येई, मग एकेक भाग इथे होऊ लागला.

माझी गाडी ‘सीजे-3बी’ घराण्यातली. हे घराणं ओळखण्याची खूण एकच, उंच बॉनेट. 1953 मध्ये विलीजने जुन्या इंजिनाच्या जागी ‘हरिकेन’ बसवलं. त्यात इनलेट व्हॉल्व्ह वरच्या बाजूला नेल्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. मग बॉनेटच वर उचललं. अमेरिकेत हे मॉडेल 1968 ला बंद झालं, आपल्याकडे मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं निघत राहिलं. त्या जाणकारांना जे रूप अस्सल वाटलं, ते स्वतःच एका इंजिनबदलाचा परिणाम आहे!

आता आरसी बुकातल्या रेघेकडे येतो. ही गाडी आधी सरकारी खात्यात होती. 1986 मध्ये लिलावात गेली आणि घेणाऱ्याने तिला वडापला लावलं. पेट्रोलवर वडाप परवडणं शक्यच नव्हतं. 1973 नंतर पेट्रोल भडकलेलं आणि डिझेल सरकारी धोरणामुळे स्वस्त. कंपनीनेही तोवर तोच रस्ता धरला होता. आधी इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन, मग प्युजोच्या परवान्याने केलेलं 2,112 सीसीचं. कारखान्यात जे झालं तेच गावोगावच्या गॅरेजांत मिस्त्र्यांनी केलं. माझ्या जीपमध्ये प्युजोचं इंजिन ज्यांनी बसवलं ते कराडजवळचे मिस्त्री मला भेटले होते. इंजिनाचे माउंटिंग त्यांनी ट्रकच्या भंगारातल्या पट्टीतून कापले. ती पट्टी अजून तिथेच आहे, आणि तिच्यावर ट्रकच्या वेळची दोन रिकामी भोकंही.

मागच्या बाजूला वेल्डिंग केलेली एक लोखंडी पायरी आहे. पुढे तीन, आत आठ आणि पायरीवर दोन, असा हिशेब मिस्त्र्यांनी सांगितला. एसटी चुकलेली माणसं, बाजारचा दिवस, दवाखाना, कोर्टाची तारीख, या सगळ्याचा पुरावा कुठल्या दप्तरात नाही. तो या पायरीच्या झिजलेल्या कडेत आहे.

चालवण्याबद्दलही सांगायला हवं, कारण या गाडीचं यंत्र चालवल्याशिवाय कळत नाही. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे आहेत. एक पुढच्या चाकांना जोर देतो, दुसरा वेग कमी करून ताकद वाढवतो. मध्ये डिफरन्शियल नसल्याने पुढचा आणि मागचा धुरा सारख्याच फेऱ्यांनी फिरतो. चिखलात हे वरदान आहे. डांबरी वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, फरक कुठेच जिरत नाही, सगळी यंत्रणा पिळली जाते आणि दांडा अडकतो. मग थोडं सरळ मागे घ्यायचं, पीळ सुटला की दांडा आपोआप निघतो. पहिल्या वर्षी मी तो लाथेने काढायचा प्रयत्न केला होता. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणून चढावर गाडी पूर्ण थांबवायची किंवा डबल क्लच मारायचा. हे सगळं मला त्या मिस्त्र्यांनी शिकवलं, पुस्तकाने नव्हे.

2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. शुल्क 20,000 रुपये. पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. शिवाय ती रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. नियम करणाऱ्यांची अडचण मी समजू शकतो, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण या रेघेच्या आत येते ती संग्राहकाच्या गॅरेजात झाकून राहिलेली जीप. जिने माणसं वाहिली ती बाहेर.

दुसरा नियम अधिक निर्णायक आहे. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही, त्या मोडीतच काढाव्या लागतात. म्हणजे तहसीलच्या आवारातून लिलावात, लिलावातून वडापला, वडापवरून शेतावर हा माझ्या गाडीचा प्रवास यापुढे दुसऱ्या गाडीला नाही. प्रदूषणाचा मुद्दा मला मान्य आहे. माझ्या गाडीचा धूर मीच पाहतो.

तरी पेट्रोल इंजिन बसवण्याचा विचार मी एकदा गंभीरपणे केला. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि कुर्ल्याला चौकशी केली, एक हरिकेन मिळालंही. दुसऱ्याच एखाद्या जीपमधून निघालेलं, तिसराच क्रमांक कोरलेलं. ते बसवलं असतं तर रकान्यात पुन्हा एक रेघ आली असती, आणि कराडची ती पट्टी कापून टाकावी लागली असती. मी ते घेतलं नाही.

त्याऐवजी गाडीची एक वही केली आहे. प्रत्येक जोड, प्रत्येक वेल्डिंग, भोकांची मापं, कुठला भाग कुठल्या गाडीचा आणि कुणी बसवला, हे त्यात फोटोंसह उतरवतो आहे. मिस्त्री दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी सांगितलेलं वहीच्या पहिल्या अकरा पानांत आहे. मार्चमध्ये पासिंग आहे, आणि पुढचे कमानपाटे त्याआधी उतरवावे लागणार.