नक्कल की ठसा? अन्व्याच्या मूर्ती आणि दोन कॅमेरे

दोन वर्षांपूर्वी एका स्थानिक अंकात मी अन्व्याच्या मंदिरावर छोटं टिपण लिहिलं. अन्वा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं, अजिंठ्याच्या अलीकडचं गाव. टिपण छापून आल्यावर आठवडाभरात तिथल्या एका वयस्कर शेतकऱ्याचा फोन आला. ‘सर, त्या बाईच्या खालच्या हातात तुम्ही शंख लिहिलाय. शंख नाही तो. कमळाचं बोंड आहे. आम्ही लहानपणापासून बघतो.’

मी त्यांना माझ्याकडे फोटो असल्याचं सांगितलं, जरा ठसक्यातच. ते म्हणाले, ‘असंल. पण दगड इथंच हाय.’

मी जालन्यातल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करतो. पुरातत्त्वाची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते ग्रंथालयात, एसटीत आणि देवळांच्या ओट्यांवर. अशा माणसाचं सगळं भांडवल म्हणजे त्याच्या नोंदी आणि त्याचे फोटो. फोटोच चुकीचा बोलला असेल, तर खाली काय उरलं? म्हणून मी दोन्ही कॅमेरे घेऊन पुन्हा अन्व्याला गेलो. हा लेख त्या तपासाचा आहे.

चोवीस नावांचा हिशेब

शंख की कमळ, एवढ्यावर काय अडलं, असं कुणालाही वाटेल. पण विष्णूच्या मूर्तींत सगळं त्यावरच अडतं. संध्येत आपण केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावं घेतो. या चोवीस रूपांचे हात चार आणि आयुधंही चारच: शंख, चक्र, गदा, पद्म. चार वस्तू चार जागी चोवीस प्रकारे मांडता येतात, आणि प्रत्येक मांडणीला एक नाव आहे. देवाच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करायची, मग उजवा वरचा, डावा वरचा, शेवटी डावा खालचा. अग्निपुराणाप्रमाणे पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम असेल तर तो केशव. शंख, पद्म, गदा, चक्र असेल तर नारायण. गदा, चक्र, शंख, पद्म असेल तर माधव. इतर ग्रंथांत काही नावांबद्दल मतभेद आहेत, पण पद्धत हीच.

यात एक गंमत आहे. केशवाचा क्रम उलटीकडून वाचला की माधव होतो. म्हणजे छापखान्यात फोटो डावा-उजवा उलटा लागला, तर केशवाचा माधव झालाच म्हणून समजा. आणि उजव्या बाजूच्या दोन हातांतल्या शंख आणि पद्माची अदलाबदल झाली, तर केशवाचा पद्मनाभ होतो.

अन्व्याचं वैशिष्ट्य असं, की तिथे बाहेरच्या भिंतीवर विष्णूची आयुधं धरलेल्या स्त्रीमूर्ती आहेत. या विष्णूच्या शक्ती. डॉ. गो. बं. देगलूरकरांसारख्या अभ्यासकांनी त्यांचं महत्त्व दाखवून दिलं, तेव्हापासून मूर्तिशास्त्राच्या चर्चेत अन्व्याचं नाव येतं. परंपरेत प्रत्येक रूपाच्या शक्तीला स्वतःचं नाव आहे. केशवाची कीर्ती, नारायणाची कांती, माधवाची तुष्टी, पद्मनाभाची श्रद्धा.

माझ्या टिपणातल्या मूर्तीचे डावे हात स्पष्ट होते: वर चक्र, खाली गदा. उजव्या खालच्या हातात मला फोटोवरून शंख दिसला. उजवा वरचा हात झिजलेला. चारांतली तीन सापडली, तेव्हा उरलं ते पद्म, असा मी हिशेबनीसाचा हिशेब केला आणि ‘श्रद्धा’ असं नाव लिहून मोकळा झालो. खालच्या हातात कमळ असेल, तर वजाबाकीही उलटते आणि वरच्या झिजलेल्या हातात शंख येतो. मग ती श्रद्धा नाही, कीर्ती. एका चुकीच्या पोटात दुसरी चूक बसली होती.

हाताने काढलेलं आणि दगडाने दिलेलं

साधनाने अभ्यासकाला चकवावं, हे आपल्या भागाला नवं नाही. मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रं उतरवून घेण्यासाठी नेमला गेला. वर्षानुवर्षं खपून त्याने मोठमोठ्या तैलरंगी नकला केल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडलेल्या असताना डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. दरम्यान त्याने कॅमेरा हाती घेतला होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनने लेण्यांवर पुस्तक काढलं, त्यात गिलचे चौऱ्याहत्तर फोटो होते. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचा. त्यामुळे दिवसाकाठी मोजकेच फोटो निघत, आणि कशाचा काढायचा हे माणूस दहादा विचार करून ठरवी.

लेखांची गोष्ट याहून बोलकी आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६० च्या दशकात अजिंठ्यातल्या लेखांच्या नकला घेऊन त्यांची वाचनं प्रसिद्ध केली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या भगवानलाल इंद्रजींनी बर्जेसबरोबर १८८१ मध्ये पश्चिम भारतातल्या लेण्यांमधले लेख पुन्हा छापले. तरी सोळाव्या लेण्यातल्या वाकाटक लेखात एक जागा अडलेलीच राहिली. १९३९ मध्ये वाशीमला ताम्रपट मिळाला आणि त्यात पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याचं नाव आलं. म. म. वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख नव्याने तपासला, तर सर्वसेन तिथे भिंतीवर होताच. आधीच्या वाचनांत तो निसटला होता. एका नावासोबत वाकाटकांची वत्सगुल्म शाखा, म्हणजे अख्खं एक राजघराणं इतिहासातून बाजूला राहिलं होतं.

कोरीव लेखांचा अभ्यास करणारे म्हणून दोन शब्द वेगळे ठेवतात: नक्कल आणि ठसा. नक्कल म्हणजे डोळ्यांनी पाहून हाताने काढलेलं. ती सुबक असते, पण नकलणाऱ्याला जे कळलं तेवढंच तीत उतरतं. जिथे कळलं नाही तिथेही त्याचा हात काहीतरी रेघ ओढतो. ठसा म्हणजे ओला कागद दगडावर ठोकून बसवायचा आणि वरून शाई फिरवायची. ठसा कुरूप असतो. त्यात दगडाचे टवके, भेगा, पोपडे सगळं येतं. पण जिथे अक्षर गेलेलं आहे, तिथे ते गेलेलं दिसतं. ठसा आपल्या मनाचं काही घालत नाही.

माझे दोन कॅमेरे

माझा पहिला कॅमेरा जुना डीएसएलआर. हजार डॉलरच्या आतला पहिला डीएसएलआर, कॅननचा ३००डी, २००३ मध्ये आला, आणि त्यानंतर पाच-सात वर्षांत हे यंत्र जिल्ह्याच्या गावातल्या लग्नाच्या फोटोग्राफरपर्यंत पोचलं. मी असाच एकाकडून वापरलेला घेतला. २००८ च्या सुमाराचा, बारा मेगापिक्सेलचा, सोबत १८-१०५ मिलिमीटरची लेन्स. सगळं मिळून किलोभर वजन. दुसरा खिशातला सुपरझूम. २००६ मध्ये खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात दहापट झूम आला तेव्हा त्याचं कौतुक झालं होतं. २०१४ पर्यंत तीसपट आला. माझा त्या पिढीचा, सोळा मेगापिक्सेलचा, पाव किलोच्या आसपास. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. प्रश्न कंपनीचा नाही, जातीचा आहे.

आकडे पाहिले तर सुपरझूम सरस. सोळा मेगापिक्सेल विरुद्ध बारा, तीसपट झूम विरुद्ध जेमतेम सहापट. पण हे मेगापिक्सेल ज्या चिपेवर बसतात तिचा आकार पाहावा. डीएसएलआरची चिप साधारण २३.६ बाय १५.८ मिलिमीटर, सुपरझूमची ६.२ बाय ४.६. क्षेत्रफळात तेरापट फरक. तेरा एकरांत बारा पोती पेरणं आणि एका एकरात सोळा पोती पेरणं, असा हा मामला आहे.

मूर्तीपासून सहा मीटरवर उभं राहून दोन्हींनी फोटो घेतले. डीएसएलआरच्या लेन्सने पूर्ण झूम केल्यावर भिंतीचा सुमारे एक मीटर पस्तीस सेंटिमीटर रुंद भाग चौकटीत आला, म्हणजे दगडाच्या दर मिलिमीटरला तीन बिंदू. सुपरझूममध्ये फक्त तीस सेंटिमीटरचा भाग, म्हणजे मिलिमीटरला पंधरा-सोळा बिंदू. कागदावर पाचपट तपशील. पण पूर्ण झूमवर या लेन्सचं तोंड बारीक होतं, आणि बारीक छिद्रातून येताना प्रकाश पसरतो. तो प्रकाशाचा स्वभावच आहे. माझ्या कॅमेऱ्यात एका ठिपक्याचा प्रकाश सहा-सात बिंदूंवर पसरतो. पाचपटीतला मोठा वाटा तिथेच जातो.

खरी गोम पुढे आहे. आपल्याकडचा दगड काळा बेसाल्ट, मूर्ती सावलीत. उजेड कमी, म्हणून कॅमेरा संवेदनशीलता वाढवतो, आणि लहान चिपेवर लगेच दाणा उमटतो. तो लपवण्यासाठी सुपरझूम चित्र गुळगुळीत करतो, मग धूसर दिसू नये म्हणून कडा ठसठशीत करतो. हे सारं कॅमेऱ्याच्या पोटात, आपल्या हाती जेपीईजी येण्याआधी. माझ्या फोटोतल्या त्या ‘शंखा’ची सुंदर वळणदार कड दगडात नव्हतीच. टवक्याची सावली आणि कमळाच्या देठाची रेघ यांना जोडून कॅमेऱ्याने ती ओढली होती. तो फोटो ही नक्कल होती.

डीएसएलआरमध्ये मी रॉ फाइल घेतली. रॉ म्हणजे चिपेवर जे पडलं ते, फारशी रंगरंगोटी न करता. संवेदनशीलता कमी ठेवली, कॅमेरा ओट्यावर पिशवीवर टेकवला (केंद्र-संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, तेव्हापासून पिशवीचीच सवय आहे) आणि फोन करणाऱ्या त्या काकांनाच हातात बॅटरी देऊन बाजूने तिरपा उजेड पाडायला सांगितला. त्या फोटोत पाकळ्यांच्या तीन चिरा दिसल्या. काका म्हणाले तसंच बोंड, मिटलेलं. वरच्या हातात झीज होती, पण शंखाच्या तोंडाचा ओठ उरला होता. अंधाऱ्या भागात दाणा होता, भरपूर. पण तो दाणा प्रामाणिक होता. इथे काही कळत नाही, एवढंच तो सांगत होता. हा ठसा.

दोघांचा वाटा

इथेच थांबलो तर सुपरझूमवर अन्याय होईल. त्याच दिवशी वीस मीटरवरच्या एका उंच थरातल्या लहान आकृत्या डीएसएलआरला आल्याच नाहीत. मिलिमीटरला एक बिंदूही नाही. तिथे सुपरझूमने निदान काय आहे ते दाखवलं. मोठी लेन्स घ्यावी म्हणाल, तर तिच्या किमतीत माझी वर्षभराची पुस्तकं येतात.

शिवाय जिल्ह्यातले वीरगळ देवळात कमी आणि बांधावर, पारावर, विहिरीच्या कठड्यात जास्त. तिथे शर्टाच्या खिशातला कॅमेरा निघतो, किलोभराचा घरी राहतो. माझ्या वहीतल्या बहुतेक वीरगळांची पहिली नोंद सुपरझूमची आहे. आणि एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाही. गळ्यात डीएसएलआर असला की लोक पत्रकार समजतात. २०१२-१३ च्या दुष्काळात मी एका गावी वीरगळ बघायला गेलो, तर लोकांनी मला कोरड्या विहिरीवर नेलं. ‘आधी हिचा फोटो घ्या.’ मी घेतला. तो कुठेच छापून आणू शकलो नाही, याची टोचणी आजही आहे. खिशातला कॅमेरा अशी आशा लावत नाही.

म्हणून आता माझा नियम असा. सुपरझूमने शोधायचं, मोजायचं, यादी करायची. पण ज्या तपशिलावर नाव अवलंबून आहे, तो जुन्या डीएसएलआरने, रॉ फाइलमध्ये, तिरप्या उजेडात पुन्हा टिपायचा. फोटोखाली कॅमेरा, वेळ आणि उजेडाची दिशा लिहायची. जिथे हात झिजलेला आहे तिथे वजाबाकी न करता ‘झिजलेला’ असंच लिहायचं. आणि गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय लेख छापायला द्यायचा नाही.

आता मोबाइल फोनचे कॅमेरे याहून पुढे गेले आहेत. एका क्लिकमध्ये ते अनेक फोटो एकत्र करून चित्र तयार करतात. उद्याचे अभ्यासक बहुधा त्यांवरच काम करतील. त्यांनी एवढंच पाहावं, की हाती आलंय ते नक्कल आहे की ठसा.

ज्यांच्याकडे माझं ते टिपण असेल, त्यांनी एक दुरुस्ती करून घ्यावी. उजव्या खालच्या हातात शंख नसून पद्म आहे. मूर्ती श्रद्धेची नाही, कीर्तीची आहे.