नुसतं बोलून काय होणार? थेरपी कशी घडली त्याची गोष्ट

समुपदेशनाचा किंवा थेरपीचा सल्ला दिला की बरेच रुग्ण विचारतात, "डॉक्टर, नुसतं बोलून काय होणार?" प्रश्न रास्त आहे. मन मोकळं करायला घरची माणसं आहेत, मित्रमैत्रिणी आहेत. मग वेळ आणि पैसे खर्चून अनोळखी माणसाकडे कशाला जायचं?

हाच प्रश्न डॉक्टरांनीही एकमेकांना विचारला आहे, आणि तोही बऱ्याच कडक शब्दांत. त्याचं उत्तर शोधता शोधताच आजची थेरपी घडली. हा इतिहास थोडक्यात पाहिला, तर थेरपीत नेमकं काय करतात हेही तुमच्या लक्षात येईल.

सुरुवात व्हिएन्नातून

१८८० मध्ये व्हिएन्ना शहरात बर्था पापेनहाइम ही २१ वर्षांची तरुणी आजारी वडिलांची सेवा करता करता स्वतःच आजारी पडली. हातपाय लुळे पडायचे, नजरेवर परिणाम व्हायचा, कधी कधी तर मातृभाषा जर्मन असूनही तिला फक्त इंग्रजी बोलता यायचं. डॉ. जोसेफ ब्रॉयर तिच्यावर उपचार करत होते. मनात साचलेलं सगळं सांगून टाकलं की तिला बरं वाटायचं. या प्रकाराला तिनेच 'बोलण्याचा उपचार' असं नाव दिलं. गमतीने ती त्याला 'धुराडं साफ करणं' असंही म्हणायची.

१८९५ मध्ये ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी तिची हकीकत 'अ‍ॅना ओ' या टोपणनावाने पुस्तकात छापली आणि ती जगप्रसिद्ध झाली. पण ब्रॉयर यांचे उपचार संपले तेव्हा ती पूर्ण बरी झालेली नव्हती. त्यानंतरही तिला आरोग्यधामात दाखल करावं लागलं. पुढे मात्र ती सावरली. अनाथ मुली आणि अडचणीत सापडलेल्या स्त्रियांसाठी तिने मोठं काम केलं आणि १९०४ मध्ये जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली.

म्हणजे तुमची शंका अगदी पहिल्या रुग्णापासूनच खरी आहे. बोलल्याने हलकं वाटतं, पण तेवढ्याने आजार जातोच असं नाही.

फ्रॉइड यांनी यातून मनोविश्लेषण ही पद्धत उभारली. कोचावर आडवं पडायचं आणि मनात येईल ते बोलायचं. आठवड्यातून अनेक दिवस आणि कित्येकदा वर्षानुवर्षं हे चालायचं. आपल्याकडे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था सुरू केली. तरीही हा उपचार सामान्य माणसाच्या खिशाला आणि वेळेला परवडणारा नव्हता.

पीटर आणि ससा

१९२४ मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पीटर नावाच्या लहान मुलाला सशाची प्रचंड भीती वाटायची. जोन्स त्याला आवडीचा खाऊ देत आणि त्या वेळी पिंजऱ्यातला ससा दूर ठेवत. मग हळूहळू, त्याला सोसेल तेवढंच, सशाला जवळ आणत. शेवटी पीटर सशाला हाताने कुरवाळू लागला.

इथे बोलण्यापेक्षा करण्याला महत्त्व होतं. भीतीपासून पळत राहिलं की भीती वाढते, तिला छोट्या पायऱ्यांनी सामोरं गेलं की ती कमी होते. लिफ्ट, गर्दी, विमानप्रवास किंवा चारचौघांत बोलणं, अशा कुठल्याही भीतीवर आजही हेच तत्त्व वापरतात.

'फायदा होतो, याचा पुरावा काय?'

१९५२ मध्ये लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी एक खळबळजनक लेख लिहिला. असे उपचार न घेतलेल्या रुग्णांपैकीही सुमारे दोन तृतीयांश दोन वर्षांत सुधारतात, मग उपचारांचं श्रेय कशावरून द्यायचं, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या आकडेमोडीवर खूप टीका झाली. पण तेव्हापासून थेरपीलाही औषधासारखीच परीक्षा द्यावी लागली: दोन गट करायचे, एकाला थेरपी द्यायची, दुसऱ्याला नाही, आणि फरक मोजायचा.

विचार तपासायला शिकणं

त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस मनोविश्लेषणाला कंटाळले होते. तरुणपणी ते मुलींशी बोलायला फार घाबरायचे. १९ व्या वर्षी त्यांनी स्वतःलाच गृहपाठ दिला: महिनाभर बागेत जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायचं. अनेक जणी उठून गेल्या, पण सुमारे शंभर जणींशी ते बोलले. त्यातली एक भेटायला तयार झाली, तीही आली नाही! पण नकाराने आभाळ कोसळत नाही, हे त्यांना पटलं आणि भीती गेली.

१९५५ च्या सुमारास त्यांनी आपली पद्धत मांडली. घटना आपल्याला जितका त्रास देते, त्याहून जास्त त्रास त्या घटनेबद्दलची आपली हट्टी समजूत देते, हे तिचं सूत्र. 'मला यश मिळालं तर बरं' आणि 'मला यश मिळालंच पाहिजे' या दोन वाक्यांत केवढा फरक आहे, पाहा.

फिलाडेल्फियातले डॉ. एरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांत असंच काही टिपलं. 'मी बिनकामाचा आहे', 'आता काही बदलणार नाही' असे विचार या रुग्णांच्या मनात आपोआप उमटतात आणि ते त्यांना तपासून न पाहताच खरे मानतात. बेक रुग्णाला ते लिहून काढायला लावत आणि पुरावा तपासायला शिकवत. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ही थेरपी त्या काळच्या इमिप्रामिन या औषधापेक्षाही सरस ठरली. पुढच्या अनेक अभ्यासांनीही तिची उपयुक्तता दाखवली.

आपल्या दारापर्यंत

एलिस यांची पद्धत महाराष्ट्रात 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून रुजली. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत मराठीत आणली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेनेही ती लोकांपर्यंत नेली.

आणखी एक महत्त्वाचं पाऊल गोव्यात पडलं. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेच्या सहकाऱ्यांनी मानसोपचाराचं आधी कुठलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण दिलं. त्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या नैराश्याच्या रुग्णांना ६ ते ८ बैठकांची थेरपी दिली. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो आणि त्यामुळे मन आणखी खचतं. म्हणून या बैठकांत फिरणं, कुणाला भेटणं, अडलेलं एखादं काम करणं अशा छोट्या गोष्टी ठरवून पुन्हा सुरू केल्या जात. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी थेरपी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

थेरपीत बोलणं असतंच, पण त्या बोलण्याला दिशा असते, शिकणं असतं आणि घरी करायचा सरावही असतो. जवळची माणसं धीर देतात, तोही हवाच. थेरपिस्ट मात्र तुम्हाला तुमच्याच मनाची गाठ सोडवायची रीत शिकवतो.

पहिल्या भेटीत मोकळेपणाने विचारा: कोणती पद्धत वापरणार? साधारण किती बैठका लागतील? मला घरी काय करावं लागेल? काही आठवड्यांत फरक जाणवला नाही तर तसं सांगा, गरज पडल्यास थेरपिस्ट बदला. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. औषधं चालू असतील तर ती स्वतःहून बंद करू नका. तीव्र आजारात औषध आणि थेरपी दोन्ही लागतात.

उदासी, चिंता, चिडचिड किंवा भीती दोन आठवड्यांहून जास्त टिकली आणि झोप, काम किंवा नाती बिघडू लागली, तर थांबू नका. सरकारची 'टेलि मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास उपलब्ध आहे, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर आजच घरच्या कुणाला तरी सांगा आणि लगेच डॉक्टरांना भेटा.