हँडलच्या फेऱ्यांतली सेटिंग्ज

मंडळी, डोंगरकड्यात लग्नाचे फोटो काढणारे बरेच जण असतील. हळदीला एक सेटिंग, रात्रीच्या वरातीला दुसरं, अशी कॅमेऱ्यात बसवून ठेवायची. आणि फर्मवेअर अपडेट केलं की काही कॅमेऱ्यांत ती सगळी पुसली जातात. आपल्या सिनेमाच्या इतिहासात असंच एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडलंय. आज आपण तेच पाहू.

१९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. त्याचं हँडल हातानं फिरवायचं. एका फेऱ्याला आठ चौकटी, सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी. हा झाला कागदावरचा हिशोब. खरं सेटिंग छायालेखकाच्या मनगटात. हात हळू केला की पडद्यावर धावपळ वाढते. भरभर फिरवला की तीच हालचाल संथ होते. उजेड कमी पडला तरी हात हळू, कारण मग प्रत्येक चौकटीला जास्त उजेड मिळतो. 'राजा हरिश्चंद्र'चे छायालेखक त्र्यंबक तेलंग हे सगळं फाळक्यांच्याच हाताखाली शिकले. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी तर कॅमेराच घरी घडवला, विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून.

मग आवाज आला. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' बोलू लागला. आवाजाची पट्टी चित्राच्या वेगाशी बांधलेली. वेग जरा डगमगला की गाण्याचा सूर डगमगणार. म्हणून सेकंदाला २४ चौकटी, मोटरवर, सगळ्यांना सारख्या. मनगटाचं काम संपलं. गंमत बघा, या बोलपटाचं ध्वनिमुद्रण केलं ते दामल्यांनीच! हातानं फिरवायचा कॅमेरा घडवणारा माणूसच नव्या व्यवस्थेचा जाणकार झाला. आम्हाला त्यांचं मोठेपण इथंच दिसतं. जुनं गेलं म्हणून ते रडत बसले नाहीत.

पण नुकसान झालं ते जुन्या फिल्मचं. तेलंगांनी कुठल्या दृश्याला हात किती फिरवला, हे फिल्मवर कुठंच लिहिलेलं नसतं. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात सोळा चौकटी. हजार फुटांचं रीळ सोळाच्या वेगानं चालवा, १६ मिनिटं ४० सेकंद लागतात. तेच चोवीसच्या यंत्रावर चढवा, अकरा मिनिटांत संपतं. मूकपटातली माणसं तुरुतुरु पळताना पाहून आपण हसतो ना, त्यातलं बरंचसं हसू या यंत्राचं आहे. छायालेखकानं त्यांना तसं पळवलेलंच नव्हतं.

पुण्याचा राष्ट्रीय चित्रपट संग्रह १९६४ चा. 'राजा हरिश्चंद्र'ची थोडीच रिळं तिथं उरली. असं रीळ आज दाखवायचं तर वेग अंदाजानंच ठरवावा लागतो: पाणी कसं पडतंय, चालणाऱ्या माणसाचं पाऊल जमिनीवर किती वेळ टेकतंय, हे बघत बघत वेग कमी करायचा, परत बघायचं.