विश्वस्ताचें सोंवळें

लंडनच्या पूर्वेस रॉमफर्डच्या बाजाराच्या उत्पन्नाचा पट्टा एका अज्ञान बालकासाठीं विश्वस्ताच्या हातीं होता. मुदत संपत येतांच विश्वस्तानें बालकाकरितां नवा पट्टा मागितला. मालकानें नकार दिला. तेव्हां त्यानें तो स्वतःच्या नांवें घेतला. यांत लबाडी झाली, असें न्यायासनहि म्हणालें नाहीं. तरी १७२६ मध्यें लॉर्ड चॅन्सेलर किंग यांनीं पट्टा व नफा बालकास देवविला. तो पट्टा कोणीहि घ्यावा, एका विश्वस्तानें मात्र घेऊं नये, असा हा दंडक!

निकाल कठोर खरा. परंतु मालकाचा नकार विश्वस्ताच्या पथ्यावर पडूं लागला, तर बालकासाठीं मनापासून रदबदली कोण करील? कुंपणानेंच शेत खाऊं नये, हेंच तत्त्व पुढें हिंदुस्थानांतील १८८२ च्या ट्रस्ट अ‍ॅक्टाच्या ८८ व्या कलमांत आलें.